सरासरीचा झगमगाट आणि मधले कुटुंब

एखाद्या प्रदेशाची भरभराट सरासरी दरडोई उत्पन्नावरून ठरविण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. ही मोजपट्टी किती फसवी ठरते, याचे उदाहरण अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील टीटन कौंटीत सापडते. डोंगरदऱ्यांची ही कौंटी दरडोई उत्पन्नात साऱ्या देशात अग्रस्थानी असते. पण या श्रीमंतीचा मोठा वाटा तेथे येऊन स्थायिक झालेल्या थोड्या धनिकांच्या व्याजाचा व लाभांशाचा आहे. तेथल्याच हॉटेलात राबणाऱ्याच्या घरी तिचा मागमूस नसतो.

म्हणूनच अमेरिकेचा जनगणना विभाग प्रत्येक कौंटीतील कुटुंबांच्या उत्पन्नाचा 'मध्यक' काढतो. सर्व कुटुंबे उत्पन्नाच्या क्रमाने उभी केली, की बरोबर मधल्या कुटुंबाचे उत्पन्न म्हणजे मध्यक. एक धनाढ्य आला की सरासरी उसळी घेते. मध्यक मात्र जवळजवळ जागचा हलत नाही. सामान्य माणसाची स्थिती जाणावयाची, तर हाच आकडा अधिक प्रामाणिक होय.

तथापि तो मिळविणे सोपे नाही. आपल्या जिल्ह्याशी ढोबळमानाने तुलना करता येईल अशा तीन हजारांहून अधिक कौंट्या त्या देशात आहेत. २०२० च्या जनगणनेत लॉस एंजेलिस कौंटीची लोकसंख्या एक कोटीवर होती, तर टेक्सासमधील लव्हिंग कौंटीत अवघी ६४ माणसे आढळली. २००० पर्यंत दर दहा वर्षांनी सुमारे सहा घरांमागे एका घराला उत्पन्न विचारले जाई. दशकाच्या अखेरीस ती माहिती शिळी होई आणि गरीब मुलांच्या शाळांचे अनुदान त्याच शिळ्या आकड्यांवर वाटले जाई. १९९४ च्या कायद्याने ताज्या अंदाजांची सक्ती केली. तेव्हापासून पाहणी, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि सरकारी साहाय्याच्या नोंदी यांची सांगड घालून अंदाज बांधले जातात. जेथे पाहणीतील घरे थोडी, तेथे नोंदींवर भिस्त अधिक. हा अदमासपंचा नव्हे. कारण प्रत्येक आकड्याबरोबर संभाव्य चुकीची मर्यादाही छापली जाते.

खरी कसोटी लागते ती वर्षावर्षांची तुलना करताना. २००५ पासून या अंदाजांचा पाया असलेली पाहणीच बदलली, तेव्हा त्या वर्षाच्या अलीकडचे व पलीकडचे आकडे सरळ जोडता येत नाहीत. पासष्ट हजारांहून कमी वस्तीच्या कौंट्यांसाठी पाहणीचे आकडे पाच वर्षांची माहिती एकत्र करून दिले जातात. लागोपाठच्या दोन आकड्यांत चार वर्षे सामाईक असतात. महागाई वजा केल्यावाचून वाढ ही वाढच नव्हे. याहून सूक्ष्म धोका निराळा आहे. घरभाडे वाढल्याने गरीब कुटुंबे कौंटी सोडून गेली आणि सुखवस्तू आली, तरी मध्यक चढतो. आकडा सुधारला, पण ज्यांच्यासाठी तो सुधारावयाचा त्यांची दशा तीच राहिली.

महाराष्ट्राने यातून बोध घ्यावा. राज्याच्या आर्थिक पाहणीत दरवर्षी छापले जाणारे जिल्हावार दरडोई उत्पन्न ही सरासरीच असते आणि तीही जिल्ह्यात काय निर्माण झाले याची. जिल्ह्यातील घरांच्या हाती काय पडले याची नव्हे. चंद्रपूरच्या कोळशाची व विजेची किंमत चंद्रपूरच्या खाती जमा होते. तिचा नफा तेथल्या चुलीपर्यंत पोहोचतोच असे नाही. उलट मुंबईच्या मिळकतीतून कोकणातल्या घरी येणारा पैसा तेथील खाती दिसत नाही. १९८४ च्या दांडेकर समितीने प्रादेशिक असमतोल मोजला तो रस्ते, सिंचन यांसारख्या सोयींच्या अनुशेषावरून. ते मोजमाप आवश्यकच होते. पण सोय झाली म्हणजे घरात पैसा आला, असे नव्हे.

आपल्याकडे उत्पन्न विचारण्याचे पूर्वीचे प्रयोग फसले. लोकांनी सांगितलेली मिळकत त्यांचा खर्च व बचत यांच्या बेरजेहूनही कमी भरली. शेतमजूर, फेरीवाला, कोरडवाहू शेतकरी यांची मिळकत विवरणपत्रातही उतरत नाही. तेव्हा अमेरिकेची रीत जशीच्या तशी उचलून भागणार नाही. तथापि केंद्र सरकारने २०२५ मध्ये कुटुंबांच्या उत्पन्नाच्या देशव्यापी पाहणीची घोषणा केली, ही संधी आहे. ती पाहणी जिल्ह्यापर्यंत पोहोचावी, तिचा मध्यक चुकीच्या मर्यादेसह जाहीर व्हावा आणि पुढे वर्षानुवर्षे एकाच रीतीने काढला जावा, असा आग्रह राज्याने धरला पाहिजे. सरासरीच्या झगमगाटात मधले कुटुंब अंधारातच राहणार असेल, तर निधीचे वाटप न्याय्य झाले असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?