तांब्याची तार आणि 'तयार' कान

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल नावाचा विषय असतो. अगदी सिव्हिलवाल्यांनासुद्धा. त्यात ओहमचा नियम असतो. तो आपण घोकतो, पेपरात लिहितो, विसरतो. मग नोकरी लागते, खिशात चार पैसे खुळखुळायला लागतात आणि एके दिवशी आपण पंधरा हजारांची स्पीकर केबल घरी घेऊन येतो! वर चारचौघांना सांगतो, "अरे, मधला पडदाच बाजूला झाला राव!"

तर मंडळी, आज या पडद्याबद्दल.

आधी हिशोब. अडीच स्क्वेअर एम.एम.ची साधी तांब्याची वायर घ्या, लॅमिंग्टन रोडला किंवा आमच्या पुण्यात तपकीर गल्लीत मीटरवर मोजून मिळते ती. स्पीकर तीन मीटरवर आहे असं धरू. जाऊन-येऊन सहा मीटर तार झाली. तिचा रोध भरतो साधारण ०.०४ ओहम. स्पीकर आठ ओहमचा. म्हणजे तारेत वाया जाणारा आवाज ०.०५ डेसिबलच्या आसपास. शांत खोलीत जीव कानात आणून ऐकलं तरी माणसाला फरक कळायला निदान याच्या चार-पाच पट तरी लागतो. कोणी म्हणेल, स्पीकरचा इम्पीडन्स स्थिर नसतो, चार ओहमपर्यंत खाली येतो. येऊ दे की! तरी ०.१ डेसिबलच्या आतच.

मग चांदी? चांदीचा रोध तांब्यापेक्षा जेमतेम पाच-सहा टक्क्यांनी कमी. तेवढं हवं असेल तर तांब्याची तार केसभर जाड घ्या. सोनं तर तांब्यापेक्षा वाईट वाहक आहे. त्याचा मुलामा गंज चढू नये म्हणून असतो, आणि मुंबईच्या दमट हवेत तो बरा, पण तो साध्या केबललाही मिळतो. राहता राहिला 'स्किन इफेक्ट', हा घाबरवायचा शब्द. तो खरा आहे. २० किलोहर्ट्झला आपल्या या तारेचा रोध ०.०४चा ०.०५ होतो. आणि २० किलोहर्ट्झ ऐकू येणं तिशीच्या आसपासच बहुतेकांचं बंद झालेलं असतं. असो.

पॉवर कॉर्डची गंमत तर याहून भारी. वीज कुठून कुठून अॅल्युमिनियमच्या तारांवरून येते, सोसायटीच्या ट्रान्सफॉर्मरमधून उतरते, बिल्डरने भिंतीत गाडलेल्या सगळ्यात स्वस्त वायरीतून प्लगपर्यंत पोचते, आणि शेवटच्या सहा फुटांत म्हणे तिचं शुद्धीकरण होतं. म्हणजे पाणी पानशेतहून खडकवासल्याला, तिथून सोसायटीच्या टाकीत, गंजक्या पाइपातून घरात, आणि शेवटी नळ तेवढा चांदीचा!

डिजिटल केबलीबद्दल तर आपल्यासारख्या नेटवर्कवर पोट भरणाऱ्यांनी लाज बाळगायला हवी. डेनॉन कंपनीने २००८च्या सुमारास आपल्या उपकरणांसाठी दीड मीटरची, इथरनेटसारखीच दिसणारी एक केबल ४९९ डॉलरला काढली. वर दिशा दाखवणारे बाण. लोक पोट धरून हसले. पण आज म्युझिक स्ट्रीमिंगसाठी खास इथरनेट केबली मिळतात आणि त्यांच्यावरही बाण असतात. अरे, प्रत्येक पॅकेटची पोच उलट दिशेने येते ना? ती काय बाणाविरुद्ध पोहत येते? फ्रेममधली एक बिट जरी बदलली तरी सीआरसी ती पकडतो, फ्रेम फेकून दिली जाते आणि टीसीपी तोच डेटा पुन्हा मागवतो. डेटा आला तर अख्खा येतो, नाहीतर गाणं अडखळतं. 'बास जरा उबदार झाला' असं मधलं काही त्यात बसत नाही.

हे सगळं सांगितलं की समोरून जे उत्तर येतं त्याचा मला खरा राग आहे. "तुझा कान तयार नाही."

हे वाक्य फार हुशार आहे, कारण मराठी माणूस त्याला घाबरतो. आपल्याकडे कान तयार असणं ही खरी गोष्ट आहे. तानपुऱ्याची जव्हारी लागली की नाही, हे कळणारी माणसं आहेत. पण तानपुरा जुळवणारा डोळे मिटून खुंटी पिळतो! तार जराशी उतरवून त्याला दहा वेळा विचारा, दहाही वेळा बरोबर सांगेल, आणि विचारलं म्हणून रागावणारही नाही. केबलवाल्याचा कान मात्र केबलची किंमत दिसल्याशिवाय चालत नाही. आणि खरे तयार कान असलेली आपल्या आजोबांची पिढी आकाशवाणी ऐकत मोठी झाली, तीही मर्फीच्या रेडिओवर.

२००७ साली जेम्स रँडी यांनी जाहीर आव्हान दिलं होतं. पेअर कंपनीची 'आंजू' नावाची ७,२५० डॉलरची स्पीकर केबल साध्या चांगल्या केबलपासून नुसती ऐकून ओळखा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. मायकेल फ्रेमर या ऑडिओ समीक्षकाने ते स्वीकारलंही. मग केबल कंपनीने अंग काढून घेतलं, वादावादी झाली आणि चाचणी काही झालीच नाही. रँडींचं बक्षीस २०१५मध्ये बंद झालं, तोवर कोणीही नेलं नव्हतं.

केबलने कधीच फरक पडत नाही असं मी म्हणत नाही. वीस मीटर लांब, दोऱ्यासारखी बारीक वायर टाकाल तर पडेल. शील्ड तुटलेली असेल तर गुणगुण येईल. गिटारच्या लांब केबलीने वरचे स्वर बोथट होतात, हे कुठलाही गिटारवाला सांगेल. पण हे सगळं मोजता येतं आणि शे-दोनशे रुपयांत सुधारतंही. त्याच पंधरा हजारांत जाड पडदे आणि सतरंजी आणा, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढा. फरक शेजारच्या काकूंनाही कळेल.

तरीही पटत नसेल तर शनिवारी तुमची केबल घेऊन या. मल्टिमीटरने दोन्हीकडचा आवाज सारखा करून घेऊ. तुम्ही आतल्या खोलीत थांबायचं, मी नाणं उडवून केबल लावणार आणि गच्चीवर जाऊन बसणार. मग तुम्ही बाहेर येऊन, तारेवर चादर टाकलेली असताना, नुसतं ऐकून कागदावर लिहायचं. असं सोळा वेळा. नुसत्या अंदाजाने बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चार. बारा आले तर तुमच्या केबलचे पंधरा हजार माझ्याकडून. चहा-पोहे कसंही असले तरी माझ्याकडूनच.