काजवे बघायला गाड्यांची रांग, पण रतनगड ते हरिश्चंद्रगड चालणार कोण?

नगर जिल्हा म्हटलं की ऊस, साखर कारखाने आणि शिर्डी आठवतात. (२०२४ मध्ये नाव अहिल्यानगर झालं, पण बोलण्यात अजून नगरच.) त्या उसाचं पाणी कुठून येतं हे बघायचं, तर अकोले तालुक्यात पायी फिरावं लागतं.

सुरुवात रतनवाडीत, अमृतेश्वराच्या देवळापाशी. शेजारी प्रवरेचा जलाशय, १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचा. रतनगड करून कात्राबाईची खिंड ओलांडली की खोरंच बदलतं. पुढचं कुमशेत मुळेच्या खोऱ्यात. मग पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. मुळेचं पाणी राहुरीजवळच्या धरणात साठतं आणि तिथून नगर शहराला जातं.

गंमत नाही, दुखणं आहे: पावसाळ्यात इथल्या महादेव कोळी वस्त्यांवर धो-धो कोसळतं आणि एप्रिल-मेमध्ये त्यांनाच हंडे घेऊन हिंडावं लागतं. कातळावर पाणी थांबत नाही. थांबतं ते खाली, धरणात.

मे-जूनमध्ये काजव्यांसाठी गर्दी होते, तिचा बराचसा पैसा भंडारदऱ्याभोवतीच फिरतो. पायी जाणारा मात्र कुमशेतला जेवतो, पाचनईला मुक्काम करतो, गावातला वाटाड्या घेतो. तो घ्याच. खिंडीत धुकं उतरलं की ढोरवाटा भल्याभल्यांना चकवतात. हा भाग १९८६ पासून अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याचे नियमही आधी विचारून घ्या.

आणि उन्हाळ्यात गेलात तर पाणी घरून न्या. गावच्या आटलेल्या विहिरीवर हंड्यांच्या रांगेत तुमच्या बाटल्या नकोत.