इअरफोनमधली मराठी कोणाची?

'अमुक तमुक' मला आवडतं, भाडिपाही. साकोली ते नागपूर एसटीत दोन एपिसोड सहज संपतात. पण नात्यांवर, मनावर तासभर गंभीर बोलणाऱ्या या मराठीत आमचं 'पानी' कुठे आहे? ते सापडतं रीलमध्ये, गावंढळ पात्राच्या तोंडी. झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो. तो बोलीचा नियम आहे, विनोद नव्हे. श्रोते नाहीत म्हणता? याच मुलखात दिवाळीनंतर लोक तिकीट काढून रात्रभर झाडीपट्टीची नाटकं बघतात. त्या रंगभूमीचे परशुराम खुणे २०२३ मध्ये पद्मश्री झाले. मग भंडाऱ्याचा पोरगा माइकसमोर बसला की पुणेरी का होतो? ब्रेकअपचं दुःख एकदा झाडीबोलीत सांगून बघा. सबटायटल लागलेच, तर पुणेकर लावून घेतील.