इंचभर राक्षस आणि आपली फुरसत

पांढरकवड्यात आमच्या ओळखीच्या एका घरात पावसाळ्यापासून एक भांडण चालू आहे. घरातला धाकटा पुण्याला एका कंपनीत कंत्राटावर होता. कंत्राट संपले, पोरगा परत आला. बॅगेत कपड्यांसोबत त्याने प्लास्टिकच्या इंच-सव्वा इंचाच्या बाहुल्या आणल्या. कुणी ढाल-तलवारवाला, कुणी पंखवाला अजगर, कुणी सुळे बाहेर आलेला राक्षस. रात्री जेवण झाले की तो दिवा जवळ ओढतो आणि बारीक ब्रशने त्यांना रंग देत बसतो. बाप म्हणतो, "सत्तावीस वर्षांचा झाला न् बाहुल्या रंगवून राह्यला." माय म्हणते, "रंगवू द्या ना जी, पानठेल्यावर तर नाही बसून राह्यला." शेजारच्या काकांची तक्रार तिसरीच आहे, "बौद्धाच्या घरात राक्षस-चेटकिणी कायले पाह्यजे?"

तिघांनीही आम्हाला विचारले, कारण आरोग्याचे पान आम्ही लिहितो. आमचे मत आधीच सांगून टाकतो. आम्ही मायच्या बाजूचे आहोत, पण त्या टेबलावरच्या दोन-तीन गोष्टींवर आमची हरकत आहे. त्या राक्षसाहून जास्त धोक्याच्या आहेत.

आधी हा छंद काय ते समजून घेऊ. युरोपात शिशाचे छोटे शिपाई रंगवून लुटुपुटूची लढाई मांडण्याची रीत जुनी आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कल्पनेतल्या जगाचा खेळ निघाला, १९८३ मध्ये इंग्लंडात 'वॉरहॅमर' आला, आणि शिपायांच्या जागी राक्षस, बुटके, जादूगार उभे राहिले. बाहुली साधारण अठ्ठावीस ते बत्तीस मिलिमीटरची असते. बहुतेक वेळा ती बिनरंगाची येते आणि रंग आपला आपण द्यायचा असतो. कितीतरी लोक खेळ कधी खेळतच नाहीत, फक्त रंगवतात. आधी साबणाच्या पाण्याने धुवायची, मग अस्तराचा एक हात, मग मूळ रंग. त्यानंतर पातळ गडद रंग असा सोडायचा की तो खाचाखोचांत उतरून सावली धरेल. शेवटी कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग ओढायचा. एका बाहुलीला चार-पाच रात्री सहज जातात.

हे ऐकून कुणाला परदेशी चोचले वाटतील. पण हे काम आपल्याला नवे नाही. दीक्षाभूमीहून आणलेला वीतभर बाबासाहेबांचा पुतळा आपल्या कितीतरी घरांत आहे. दोन-चार वर्षांत कोटाचा निळा रंग उडतो, टाय फिकट पडतो, आणि १४ एप्रिलच्या आधी घरातलेच कुणीतरी तो पुन्हा रंगवायला घेते. ज्याने ते केले आहे त्याला विचारा, सर्वांत अवघड काय? चष्मा. त्यानंतर हातातल्या पुस्तकाची कड. श्वास रोखून एक रेघ ओढावी लागते. विदर्भात तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल लेकरे रंगवतात, तीही हीच विद्या. पुण्याहून आलेल्या पोराने फक्त पुतळा लहान केला आणि विषय बदलला.

बापाचा खरा राग बाहुलीवर नाही, वेळेवर आहे. कामाविना गेलेला वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, हे आपल्या हाडात भिनलेले आहे आणि त्याला कारणही आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांना पहाटेपासून दुसऱ्याच्या अंगणात राबावे लागले, त्यांना फुरसत हा शब्दच चोरीसारखा वाटतो. म्हणून आम्हाला बाबासाहेबांची एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली आणि ती घेताना फुरसतीचाच मुद्दा मांडला. माणूस दिवसभर पोटासाठीच राबत राहिला तर त्याच्या मनाची, बुद्धीची वाढ व्हायची कधी, असा त्यांचा रोख होता. ते १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. आणि स्वतः बाबासाहेब? वाचन-लेखनाच्या एवढ्या रगाड्यात उतारवयात ते व्हायोलिन शिकले, चित्रे काढायला शिकले. त्यांनी काढलेला बुद्ध उघड्या डोळ्यांचा आहे, हे आपण सगळे जाणतो. त्या चित्रामागे एक म्हातारा होत चाललेला, दुखण्याने बेजार माणूस हातात ब्रश धरून बसला होता, हे मात्र आपण विसरतो.

अर्थात ते अठ्ठेचाळीस तास आमच्या कापूस वेचणाऱ्या बाईपर्यंत पोचलेच नाहीत. त्याबद्दल पुढे बोलू.

आता तब्येतीचे. हाताला बारीक काम आणि डोळ्याला एकच जागा मिळाली की डोक्यातला गलका काही काळ खाली बसतो. गोधडी शिवणाऱ्या कुठल्याही आजीला हे ठाऊक आहे. मनाच्या आजारांच्या दवाखान्यांतही रोग्याला हातकाम देण्याची पद्धत जुनी आहे. काही जण याला सरळ ध्यान म्हणू लागले आहेत, ते आम्हाला पटत नाही. आनापान वेगळे, रंगकाम वेगळे. रंगकामात शेवटी एक बाहुली हवी असते आणि ती चांगली दिसावी अशी तृष्णाही असते. पण नोकरी गेलेल्या पोराला रोज रात्री एक गोष्ट सुरू करून संपवल्याचा अनुभव मिळतो. रिकाम्या दिवसांत याची किंमत मोठी आहे.

त्याहून मोठी किंमत खर्ऱ्याची. आपल्या भागात पोरगा रिकामा झाला की आधी पानठेला गाठतो. पन्नीत घोटलेला खर्रा वीस-तीस रुपयांना येतो आणि दिवसाला तीन-चार जातात. महिन्याचा हिशेब ज्याने त्याने करावा. तेवढ्यात पाण्यात विरघळणाऱ्या अॅक्रिलिक रंगांचा लहान संच, दोन बारीक ब्रश आणि वर मुलीच्या वह्या येतील. तोंड आकसणे, तिखट न सोसणे, गालात पांढरा चट्टा येणे ही लक्षणे आम्ही या पानावर वारंवार लिहितो आणि लोक वाचून खर्ऱ्याची पन्नी खिशात टाकतात. उपदेशाने खर्रा सुटत नाही हे आम्ही शिकलो. दोन्ही हात रंगाने भरलेले असले की निदान दीड तास खर्रा लांब राहतो, हे त्या घरात आम्ही डोळ्यांनी पाहिले.

पण एक फरक सांगितलाच पाहिजे. छंद हा औषध नव्हे. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशात मन नाही, मरणाच्या गोष्टी तोंडी येतात, असे असेल तर रंगाचा डबा पुढे करू नका. सरकारी दवाखान्यात न्या किंवा १४४१६ या टेली-मानसच्या नंबरावर फोन लावा. तो फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. यवतमाळ जिल्ह्यात हे लिहिताना आमचा हात हलका राहत नाही.

आता हरकती. पहिली आणि सर्वांत मोठी, पोरगा ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरतो. हा छंद करणारे जगभर ही सवय लावून घेतात आणि तिच्यावर हसतात. आम्हाला हसू येत नाही. १९१७ च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका कारखान्यात मुली घड्याळाच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग भरत. ब्रश ओठाने टोकदार करा, असे त्यांना शिकवले होते. काही वर्षांत कुणाचे दात गळाले, कुणाचा जबडा सडला, कितीतरी मेल्या. मालकांनी बरीच वर्षे दोष मुलींवर ढकलला. १९२८ मध्ये खटल्यात तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. आजच्या अॅक्रिलिकमध्ये रेडियम नाही, पण काही लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम असू शकते, आणि रंग हे काही खायचे पदार्थ नाहीत. ब्रशला टोक आणायला ओला कपडा पुरतो. जेवणाचे ताट आणि रंगाचे पाणी एका टेबलावर नको. चहाच्या कपात ब्रश बुडवल्याची गोष्ट त्या पोराने हसत सांगितली, मायने डोक्याला हात लावला.

दुसरी हरकत शिशावर. पूर्वीच्या अशा बाहुल्या शिसेमिश्रित धातूच्या असत. जुनी धातूची बाहुली हाती आली तर लहान लेकराला देऊ नये आणि घासून तिची भुकटी करू नये. प्लास्टिकची त्यामानाने बरी. पण शिसे रंगातही असते. आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा माळ्यावर पडलेला ऑइलपेंटचा डबा, किंवा नाव-गाव नसलेला सुटा रंग, पुतळ्याला लावायला काढू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची निर्धोक अशी कोणतीच मात्रा माहीत नाही. लेकरांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो परत भरून येत नाही. आपल्या लेकरांना शाळेपर्यंत पोचवायला एवढी पिढ्यांची लढाई लागली. त्यांच्या डोक्यावर शिशाचा थर कशाला?

तिसरी हरकत थिनर आणि स्प्रेच्या डब्याची. घर एका खोलीचे, खिडकी एक, आत म्हातारा बाप खोकतो आणि कोपऱ्यात बाळ झोपलेले. तिथे स्प्रे मारायचा नाही. या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. ते विष वेगळे, हे रंग वेगळे. पण वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये, नाकातोंडाला बांधावे, काम झाल्यावर हात-तोंड धुवावे, ही शिस्त तीच. स्प्रे मारायचाच तर उघड्यावर. नाहीतर अस्तर ब्रशनेच लावा, थोडा वेळ जास्त लागेल. थिनर तर घरात आणूच नका. पाण्याच्या रंगाला तो लागत नाही, आणि रस्त्यावरची पोरे तो फडक्यावर घेऊन हुंगतात हे आपल्याला माहीत आहे. पीओपीचा पुतळा घासायचा असेल तर ओला करून घासा, पांढरी धूळ छातीत जाते.

डोळ्यांचे सोपे आहे. दिवा डाव्या बाजूने, डावखुऱ्याला उजव्या. वीस मिनिटांनी मान वर करून दारापलीकडे वीसेक फुटांवर थोडा वेळ पाहायचे. मान आखडली की उठायचे.

राहिले शेजारचे काका. काका, राक्षस रंगवणे म्हणजे राक्षसाला मानणे नव्हे. अंधश्रद्धा तेव्हा होते जेव्हा माणूस ताप आल्यावर दवाखान्याऐवजी भगताकडे जातो. हा पोरगा त्या राक्षसाला पुजत नाही, त्याच्या नाकावर पिवळा रंग लावतो. अजिंठ्याला गेलात तर पहिल्या लेण्यात बुद्धावर चाल करून येणारी माराची फौज रंगवलेली दिसेल, सतराव्या लेण्यात सिंहल व्यापाऱ्याच्या कथेतल्या राक्षसिणी दिसतील. चितारणाऱ्यांनी भीती आणि लोभ यांना तोंडे दिली, हात दिले, आणि मधोमध शांत बसलेला बुद्ध ठेवला.

आमचा आक्षेप त्या खेळावर दुसराच आहे आणि तो आम्ही पोराला बोलून दाखवला. त्या कथांमध्ये हिरवे राक्षस जन्मानेच दुष्ट असतात, गोरेगोमटे जन्मानेच थोर. सांग बरं, ही व्यवस्था कुठे पाहिली आहे? तो जरा गप्प झाला. मग त्याने सांगितले की 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढणाऱ्यांनीच २०२० मध्ये मान्य केले की असे सबंध वंश वाईट दाखवणे चूक आहे आणि आपण ते बदलू. जन्मावरून पाप-पुण्य ठरवणाऱ्या गोष्टीला बाहुल्यांच्या खेळातही लोकांनी हटकले, याचे आम्हाला बरे वाटले. पुढच्या भेटीत त्याच्या फळीवर एक हिरवा राक्षस होता. त्याच्या हातातली कुऱ्हाड कापून पोराने तिथे कागदाचे चिमुकले पुस्तक चिकटवले होते.

आता मायबद्दल. पोराची बाजू घेणारी ती बाई हंगामात पहाटे उठून वेचणीला जाते. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी तिच्या बोटांना चिरा पडलेल्या असतात. आल्यावर चूल, भांडी, पाणी. पोराच्या रंगाचे पाणीही तीच फेकते. फुरसतीच्या सगळ्या गप्पा आम्ही पोराशी मारत होतो तेव्हा तिने दारातून एवढेच विचारले, "अन् मले कधी भेटन?" आमच्याकडे उत्तर नव्हते. पोरालाच म्हटले, भांडी तू घास.

परवा गेलो तेव्हा ती चाळिशीचा चष्मा लावून टेबलाशी बसली होती. समोर बाबासाहेबांचा वीतभर पुतळा, वर्तमानपत्रावर ठेवलेला, कोट अर्धा निळा झालेला. ब्रश जाड आहे, चष्म्याच्या काडीला जमत नाही, अशी तिची तक्रार होती. पोरगा आत भांडी आपटत होता. बाप ओट्यावर बसून म्हणत होता, "आता सगळं घरच बाहुल्या रंगवून राह्यलं." खर्रा मात्र तोच घोटत होता.