देवाचा उपवास, माणसाचं पथ्य

मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभं राहून मी एकच प्रश्न विचारला होता. ‘काकू, या खिरीत साधं दूध आहे का?’

‘अगं, नारळाच्या दुधातली आहे. घे गं, प्रसादाला नाही म्हणू नये. एवढ्याशाने काही होत नाही.’

दाताच्या इन्फेक्शनसाठी घेतलेला अँटिबायोटिकचा १० दिवसांचा कोर्स संपून दोन आठवडे झाले होते. त्या कोर्सने पोटाचं पार वाटोळं केलं होतं. दूध मला मुळातच पचत नाही, त्यात हे. जरा कुठे भात, मुगाचं वरण, उकडलेलं गाजर असं पचायला लागलं होतं. मी वाटीभर खीर खाल्ली. हात धुवायला गेले तेव्हा कचऱ्याच्या डब्याशेजारी कंडेन्स्ड मिल्कचे रिकामे डबे रचलेले दिसले. घर ४० मिनिटांवर. वाटेत तीनदा गाडी थांबवावी लागली, आणि दोन आठवड्यांची कमाई एका वाटीत गेली.

काकू वाईट नाहीत. खोटं बोलायचा त्यांचा हेतूही नव्हता. नारळाचं दूध होतंच, त्यात बाकीचं ‘थोडंसं’ होतं. माझं भांडण काकूंशी नाही, त्या ‘थोडंसं’शी आहे. आणि ते तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या तोंडी आहे.

आता दुसरं दृश्य आठवा. तेच मंडळ, आषाढी एकादशी. उपवासाला कोथिंबीर चालते की नाही यावर ग्रुपवर दोन दिवस खल. खिचडीचा डाव वेगळा, ट्रे वेगळा, त्यावर ठळक पाटी. वऱ्याच्या तांदळात चुकून हळद पडली तर अख्खं पातेलं बाजूला. एकदा तरी कुणी म्हणालंय का, ‘घ्या हो, थोडा कांदा गेला पोटात तर विठोबा काय रागावणार आहे?’ कुणी म्हणत नाही. खरं तर विठोबा रागावणारही नाही. माझं आतडं मात्र रागावतं.

म्हणजे काटेकोरपणा आपल्याला जमत नाही असं नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण तो पाळत आलोय. फक्त तो देवासाठी राखून ठेवलाय. माणसाने पथ्य सांगितलं की ते नखरे ठरतात, ‘इथे आल्यावर लागलेली खुळं’ ठरतात.

ही खुळं नाहीत. अँटिबायोटिकला शत्रू आणि मित्र यांतला फरक कळत नाही. दाताच्या जंतूंबरोबर ते आतड्यातले उपयोगी जंतूही मारतं. जुलाबांनी लहान आतड्याचं अस्तर दुखावलं की दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी पडतं. एरवी जेमतेम दूध सोसणाऱ्याला मग तेही सोसत नाही. कांदा-लसूण आणि गव्हातले फ्रुक्टन तर माणसाच्या लहान आतड्यात पचतच नाहीत. नाजूक पोटात त्यांचा गॅस आणि कळ होते. हे बहुतेकदा काही आठवड्यांत सावरतं, पण रोज कुणी ‘थोडंसं’ वाढलं नाही तर.

‘आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं’ हे वाक्यही ऐकते. होतं की! म्हणून तर दुधापेक्षा दही-ताक जास्त होतं. विरजणात दुधातली साखर कमी होते, उरलेली पचवायला दह्यातले जंतू मदत करतात. कढवलेल्या तुपात ती जवळजवळ नसतेच. आजीला लॅक्टोज हा शब्द माहीत नव्हता, पण कुणाला दूध द्यायचं आणि कुणाला ताक हे माहीत होतं.

पण आजीचं नाव घेऊन सरसकट ताक पाजणाऱ्यांनाही हात जोडून सांगते, थांबा. दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असलेल्याला ताकही घातक आहे. सीलिअ‍ॅक असलेल्याला चिमूटभर हिंगही त्रास देऊ शकतो, कारण डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. प्रोबायोटिकच्या गोळ्यांचंही तसंच. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात, अँटिबायोटिकनंतर त्या घेणाऱ्यांच्या आतड्यातले मूळचे जंतू परतायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. सल्ला देणं सोपं असतं, पोट दुसऱ्याचं असतं.

आणि सूटकेसमधली ती स्ट्रिप! दर भारतवारीत आपण अँटिबायोटिक घेऊन येतो आणि सर्दी झालेल्या शेजाऱ्यालाही वाटतो. सर्दी व्हायरसने होते, त्यावर ती गोळी चालत नाही. आतड्यावर मात्र चालते. आधी पोट बिघडवायचं आणि मग त्याच्या पथ्याला हसायचं, ही कुठली आपुलकी?

एक गोष्ट गंभीरपणे. अँटिबायोटिकच्या काळात किंवा नंतरच्या काही आठवड्यांत दिवसातून तीन-चार वेळा पाण्यासारखे जुलाब, ताप, रक्त किंवा जोराची कळ असेल तर ताक-भातावर काढू नका. सी. डिफ नावाच्या जंतूचं इन्फेक्शन असू शकतं, ते जिवावर बेततं. डॉक्टरांना फोन करा, आणि त्यांना विचारल्याशिवाय जुलाब थांबवायची गोळी घेऊ नका.

आता तुमचा आक्षेप मला माहीत आहे. ‘३०० माणसांचं जेवण आम्ही फुकट रांधतो, प्रत्येकाचे चोचले कुठे पुरवू?’ मान्य. शिवाय काही जण फॅशन म्हणूनही ग्लुटेन सोडतात, आणि तपासणीआधीच गहू सोडला तर सीलिअ‍ॅकची रक्ततपासणीही फसते, हेही खरं. पण मी वेगळा स्वयंपाक मागतच नाहीये. मी मागतेय एक पुठ्ठा आणि एक मार्कर. प्रत्येक पातेल्यापुढे लिहा: दूध, गहू, दाणे, काजू, तीळ, कांदा-लसूण. गोड्या मसाल्यात तीळ असतात हे विसरू नका. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तीळ लिहिणं सक्तीचं आहे. ब्रिटनमध्ये हॉटेलवाल्याला १४ अ‍ॅलर्जींची माहिती द्यावीच लागते. परक्या हॉटेलात मला जे कळतं, ते आपल्या मंडळात कळू नये?

आणि माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. त्या दोन शब्दांनी माझे दोन आठवडे वाचले असते.

यंदाच्या गणपतीत मी पुन्हा त्याच रांगेत उभी राहणार आहे. कुणी ‘नको’ म्हटलं की त्या माणसाला आज एकादशी आहे असं समजा, आणि डाव पुढच्या पानाकडे वळवा.