राज्य बदलतें, मस्तक बदलत नाहीं

शाळेच्या फाटकापाशीं रोज सकाळीं एक दृश्य दिसतें. वडील दुचाकीवरून येतात. त्यांच्या मस्तकावर हेल्मेट असतें आणि मागें बसलेलें मूल मात्र उघड्या डोक्याचें. कारण विचारावें तर उत्तर येतें, "मागच्याला कोण पकडतो?" म्हणजे हेल्मेट घालावयाचें तें पोलिसाकरितां, डोक्याकरितां नव्हे!

हा समज रूढ होण्यास राज्याराज्यांतील भेद बराच कारण झाला आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा केंद्राचा; परंतु त्याच्या १२९ व्या कलमानें राज्यांस सवलती देण्याची मुभा पूर्वीं ठेविली होती. त्यामुळें दिल्लींत २०१४ पर्यंत स्त्रियांस हेल्मेट ऐच्छिक होतें. २०१९ मध्यें कायदा सुधारून एक हजार रुपये दंड ठरला; गुजरातनें तो पांचशेंवर आणला व त्याच डिसेंबरांत शहरांच्या हद्दींत हेल्मेट ऐच्छिक केल्याचें जाहीर केलें; पुढें तें मागें घ्यावें लागलें. महाराष्ट्रानें नवे दंड लागू केले ते डिसेंबर २०२१ मध्यें. आणि आमच्या पुण्यांत जानेवारी २०१९ मध्यें पोलिसांनीं सक्ती आरंभितांच तिच्याविरुद्ध निदर्शनें झालीं!

दंडाची रक्कम राज्यांनीं खुशाल निराळी ठेवावी; परंतु संरक्षणाची गरज राज्याच्या सीमेबरोबर बदलत नाहीं. हेल्मेटाचें कठीण कवच आघात पसरवितें. आंतील थर्माकोलचा थर दबून त्याचा जोर कमी करतो. हा पदार्थविज्ञानाचा नियम होय. त्यास कोणत्याही विधिमंडळाची सवलत लागू पडत नाहीं.

उकाडा होतो, मान अवघडते, शहरांत वेग तो किती, हे आक्षेप अगदींच खोटे नव्हेत. तथापि चालत्या गाडीवरून पडलेल्याचें डोकें डांबरी रस्त्यावर आपटण्यास मोठा वेग लागत नाहीं, आणि गांवांतला रस्ता घाटांतल्या रस्त्याहून मऊ नसतो.

आजचा कायदा पगडीधारी शिखांचा अपवाद सोडून चार वर्षांवरील प्रत्येकास, मागें बसणाऱ्यासही, हेल्मेट घालावयास सांगतो. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या बालकास हेल्मेट, त्याला चालकाशीं बांधणारा पट्टा व ताशीं चाळीस किलोमीटरची वेगमर्यादा हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

पालकहो, आपण मुलांच्या शिक्षणासाठीं केवढे कष्ट घेतां! तें शिक्षण ज्या मस्तकांत सांठवावयाचें, तें ईश्वरानें प्रत्येकास एकच दिलें आहे. आणि विद्यार्थिमित्रांनो, उद्यां सकाळीं वडिलांनीं किल्ली हातीं घेतांच नम्रपणें एवढेंच विचारा, "बाबा, माझें हेल्मेट कुठें आहे?" या प्रश्नाचें उत्तर जें घर देईल, त्या घरास पोलिसाचें भय उरणार नाहीं.