हौदांतील शेवाळ

आमच्या भिवंडींतील घराच्या मागील अंगणांत एक दगडी हौद आहे. त्यांत कुमुदिनीचे दोन कंद, दहा-पंधरा गप्पी मासे आणि नातवंडांची सारी करमणूक. गेल्या चैत्रांत त्याचें पाणी हिरवेंगार झालें व कांठाशीं जटांसारखें शेवाळ लोंबूं लागलें. चिरंजीव म्हणाले, "नाना, आतां हौद बुजवून टाकूं या." नातवंडें रडकुंडीस आलीं. मीं ज्येष्ठअखेरपर्यंत मुदत मागून घेतली.

पहिली चूक माझीच झाली. कोणीसें सांगितलें म्हणून मीं घाईनें मोरचुदाची पूड टाकली. पाणी निवळलें खरें. परंतु एके दिवशीं पहांटे तीन मासे पोटें वर करून तरंगत असलेले धाकट्या नातीनें पाहिले. ती मला एक शब्दही बोलली नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें. मोरचुदांतील तांबें माशांस विषारी. शिवाय एकदम मेलेलें शेवाळ कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतें, आणि तो पहांटे आधींच सर्वांत कमी असतो. इतकें करून पंधरवड्यांत शेवाळ पुन्हां हजर!

तें कां यावें? शेवाळास दोन गोष्टी लागतात : ऊन आणि खत. खत म्हणजे मुख्यत्वें नत्र व स्फुरद. तें हौदांत कोण घालीत होतें? मुलें माशांना कणकेच्या गोळ्या टाकीत, म्हणून मीं त्यांना रागें भरलों. मग शांतपणें हिशेब केला, तेव्हां मोठा वांटा माझाच निघाला. देवपूजेचें निर्माल्य व अभिषेकाचें दुधाचें पाणी मीं रोज सकाळीं हौदांतच सोडीत असें! पवित्र म्हणून सोडलेलें तें शेवाळाचें अन्न होत होतें.

त्या दिवसापासून निर्माल्य खताच्या खड्ड्यांत व तीर्थ तुळशीच्या आळ्यांत जाऊं लागलें. मुलांना दंडक घातला कीं, मासे दोन-चार मिनिटांत संपवितील तेवढेंच खाणें द्यावें. लांब शेवाळ खरखरीत काठीभोंवतीं गुंडाळून उपसावें व थोडा वेळ कांठावर ठेवावें, म्हणजे त्यांतील जलकीटक पाण्यांत परततात. मग तें खतांत घालावें. कुमुदिनीच्या पानांनीं निम्मा पृष्ठभाग झांकला कीं ऊन अडतें. कडेस लावलेलें वेखंड पाण्यांतील खत शोषून घेतें. सगळें पाणी मात्र एकदम उपसूं नये. नवें पाणी थोडें थोडें घालावें. इंग्लंडांत जवाचें काड जाळींत बांधून तळ्यांत सोडतात. तें कुजतांना नवें शेवाळ वाढूं देत नाहीं म्हणतात, पण गुण सर्वत्र सारखा येत नाहीं.

ज्येष्ठ संपतां संपतां तळाचा दगड दिसूं लागला. शेवाळ अगदींच गेलें नाहीं. जाऊंही नये, कारण लहान जीवांचें तें अन्न आहे. चिरंजिवांनीं हौद बुजविण्याची गोष्ट पुन्हां काढली नाहीं, आणि धाकटी नात मजशीं बोलूं लागली.

जें हौदाचें, तेंच तलावांचें व नद्यांचें. उल्हास नदीवर जलपर्णीचा गालिचा पसरतो, तो तिच्यांत सांडपाण्यानें आलेल्या अशाच खतावर. आपल्या वऱ्हाळा तलावांत आपण काय सोडतों, याचाही विचार प्रत्येक घरानें करावा.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत निवळीच्या बीचा दृष्टांत आहे : ती गढूळ पाणी निवळविते, परंतु नुसतें तिचें नांव घेऊन पाणी निवळत नाहीं. वर्गांत हा श्लोक मीं अनेक वर्षें शिकविला. त्याचा अर्थ मात्र हौदाच्या कांठीं, काठीला शेवाळ गुंडाळतांना कळला.